परदेशवास आणि विम्याचे संरक्षण

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या एखाद्या कंपनीकडे आयुर्विमा उतरविणाऱ्या गृहस्थाच्या पॉलिसीत एक अट बहुधा असावयाचीच. विमेदारास युरोपच्या सीमेबाहेर राहावयास जायचे असेल, तर त्याने कंपनीची परवानगी आधी मिळवावी आणि उष्ण प्रदेशातील वास्तव्यापोटी जादा हप्ता भरावा, अशी ती अट होती. ती मोडली तर पॉलिसी निरर्थक ठरण्याची भीती असे. कावेरीकाठच्या कुंभकोणम या नगरात १८५४ मध्ये सरकारी विद्यालय स्थापन झाले आणि पुढे त्याचेच दक्षिण भारतात नावाजलेले महाविद्यालय झाले. तेथे अध्यापनासाठी येणाऱ्या इंग्रज प्राध्यापकाला कुंभकोणम हाच परदेश होता. तेथील हवा, पाणी, ताप आणि पटकी ही त्याच्या जिवाची जोखीम, आणि तिची किंमत ठरविणार लंडनमध्ये बसलेला विमागणिती! त्याहून विशेष हे की, भारतीय माणूस आपल्या स्वतःच्या घरी राहत असतानाही त्याच्याकडून अशा कंपन्या जादा हप्ता घेत असत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांचे विमे सर्वसाधारण दराने उतरविण्यास सुरुवात केली, तेव्हा कोठे हा भेद कमी होऊ लागला.

आज कुंभकोणमचा माणूस सिंगापूरला, कुवेतला किंवा न्यू जर्सीला जाऊन राहतो. परंतु त्या जुन्या अटीमागील तत्त्व अद्याप तसेच आहे. विमा हा माणसाच्या देहाबरोबर प्रवास करीत नाही. तो एखाद्या प्रदेशाशी, मुदतीशी, नोकरीशी आणि ठरावीक प्रकारच्या आपत्तीशी बांधलेला असतो. माणसाने सरहद्द ओलांडली म्हणजे यांपैकी एखादी गाठ नकळत सुटते आणि ती सुटली आहे हे बहुधा रुग्णालयाच्या दारातच कळते. यास्तव परदेशी राहणाऱ्याच्या बाबतीत ‘विमा आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. बिल येईल त्या दिवशी ते कोण देईल, कोणत्या चलनात देईल, कोठवर देईल आणि उरलेले कोणाच्या अंगावर पडेल, असे विचारावे लागते.

आपल्याकडील जुन्या व्यापाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. त्यांच्या व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. जहाजाने पाठविलेला माल मुक्कामी सुखरूप पोहोचला, तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे. माल वाटेत बुडाला, तर हुंडी घेणाऱ्याने नुकसान सोसावयाचे. कोणता माल, कोणते जहाज, कोणते बंदर आणि बुडाले तर कोणाचे, एवढ्या गोष्टी त्या कागदावरून स्पष्ट होत. आजच्या पॉलिसीची पाने पुष्कळ वाढली आहेत. पण वाचणाऱ्याने त्यांतून शोधून काढावयाचे ते हेच.

परमुलखात जाणे कुंभकोणमला नवे नाही. तंजावरच्या मराठी घराण्यांतील माणसे चाकरीच्या निमित्ताने दूरदूरच्या संस्थानांत जात असत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन दरबारांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचाच. सामान्य माणसाची वाट मात्र नागपट्टणमच्या बंदरातून जाई. मलाया आणि सिंगापूरकडे जाणारे मजूर, छोटे व्यापारी आणि कारकून तेथून जहाजात बसत. ‘रजुला’ हे प्रसिद्ध उतारू जहाज १९२६ पासून जवळजवळ अर्धशतक या मार्गावर येजा करीत होते. आता ही वाट तिरुचिरापल्लीच्या विमानतळावरून जाते. जाणारा माणूस पैसे पाठवितो आणि घरी उरलेली माणसे त्यावर घर चालवितात, ही व्यवस्था मात्र जहाजाच्या काळापासून चालत आली आहे. याच गावी १९०४ मध्ये कुंभकोणम बँक म्हणून स्थापन झालेल्या आणि आज सिटी युनियन बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे मुख्य कार्यालय आहे. परदेशातील एका माणसाची प्रकृती बिघडली म्हणजे येथील पासबुकात त्याची नोंद होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

कुंभकोणममधून परदेशी गेलेल्यांत सर्वांत कीर्तिमान पुरुष म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन. त्यांच्या चरित्राकडे विम्याच्या दृष्टीने सहसा कोणी पाहत नाही. तथापि परदेशात आजारी पडलेल्या माणसाची स्थिती समजून घेण्यास याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

रामानुजन यांचे बालपण कुंभकोणमच्या सारंगपाणी संनिधी रस्त्यावरील लहानशा घरात गेले. घरची स्थिती बेताची होती. १९१० च्या आरंभी त्यांच्यावर अंडवृद्धीची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तेव्हा तिच्या खर्चाची सोय कुटुंबाला करता आली नाही आणि एका डॉक्टरने ती विनामूल्य केली. पुढे १९१२ मध्ये त्यांना मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकुनी मिळाली. मार्च १९१४ मध्ये ते इंग्लंडला निघाले, तेव्हा मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्यांतील ५० पौंड घरच्या माणसांच्या निर्वाहासाठी वेगळे काढलेले होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाने त्यात आणखी ६० पौंडांची भर घातली. तीस रुपयांच्या कारकुनाला ही रक्कम मोठी होती आणि राहणे, जेवणे, कपडे व पुस्तके यांना ती पुरेशीही होती. आजारपणाचा मात्र त्यात स्वतंत्र विचार नव्हता.

१९१७ च्या वसंत ऋतूत ते आजारी पडले. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या प्रारंभी त्यांना केंब्रिजच्या शुश्रूषागृहात दाखल करण्यात आले आणि त्यानंतर वेल्स, मॅटलॉक, लंडन अशी एकामागून एक आरोग्यधामे त्यांच्या नशिबी आली. महायुद्ध चालू होते, समुद्रात पाणबुड्या होत्या आणि मायदेशी परतणे सोपे नव्हते. निदानही निश्चित होत नव्हते. कोणी पोटातील व्रण म्हटले, कोणी रक्तदोष म्हटले; उपचार मुख्यतः क्षयाचे झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यान्वये सक्तीचा आरोग्यविमा सुरू झाला होता आणि क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवून उपचार देण्याची तरतूद त्यात होती. परंतु तो कायदा श्रमिकांसाठी आणि वर्षाला १६० पौंडांपर्यंत मिळविणाऱ्या नोकरदारांसाठी होता. शिष्यवृत्तीवर राहणारा संशोधक हा कोणाचाच नोकर नव्हे. म्हणजे ज्या देशात ते राहत होते त्या देशाची विमायोजना अस्तित्वात होती, त्यांच्यावर ज्या रोगाचे उपचार चालले होते तो रोगही तीत मोडत होता, आणि तरीही ती त्यांच्यासाठी नव्हती. परदेशवासीयाची ही स्थिती शंभर वर्षांनंतरही ओळखीची वाटते.

मग त्यांना तारले कोणी? मद्रास विद्यापीठाच्या सौजन्याने आणि ट्रिनिटीच्या आदराने. शिष्यवृत्ती आजारपणामुळे थांबविण्यात आली नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये ट्रिनिटीने त्यांना फेलो निवडले आणि कोणत्याही कामाचे बंधन न घालता वर्षाला २५० पौंड देऊ केले. मद्रास विद्यापीठानेही तेवढीच रक्कम देण्याचे ठरविले. ते स्वीकारताना जानेवारी १९१९ मध्ये रामानुजन यांनी विद्यापीठाला कळविले की, आपल्या आईवडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत आणि आवश्यक खर्च भागून जे उरेल ते गरीब मुलांच्या शिक्षणासाठी वापरावे. या पत्राचे वाचकांना कौतुक वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु हेही दिसते की, सर्व काही रामानुजन यांच्या असामान्य प्रतिभेवर आणि तिची किंमत ओळखणाऱ्या माणसांवर अवलंबून होते. त्यांना हक्क म्हणून काहीच प्राप्त झालेले नव्हते. त्याच बोटीने गेलेला एखादा साधा विद्यार्थी असाच आजारी पडता, तर त्याचे काय झाले असते, याचा विचार केलेलाच बरा.

या कथेला एक विलक्षण पुरवणी आहे. १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग या ब्रिटिश डॉक्टरने जुन्या नोंदींचा अभ्यास करून असे मत मांडले की, रामानुजन यांचा आजार क्षयाचा नसून यकृतातील अमीबाजन्य विकाराचा असावा आणि त्याचे मूळ भारतात असताना झालेल्या आमांशात असावे. १९०६ मध्ये मद्रासला शिकत असताना त्यांना आमांशाने गाठले होते आणि त्यासाठी त्यांना कुंभकोणमला परतावे लागले होते. हे निदान बरोबर धरले, तर रोग अकरा वर्षे शरीरात दबा धरून बसला होता.

आता समजा, असा तरुण आज परदेशी निघाला आणि त्याने प्रवासविमा घेतला. प्रस्तावपत्रात प्रश्न असेल: यापूर्वी कोणता आजार, कोणती शस्त्रक्रिया? आठ वर्षांपूर्वीचा आमांश कोण लिहितो? शस्त्रक्रिया तरी आठवणीने लिहील की नाही याची शंका. पुढे परदेशात यकृताचा विकार उद्भवला आणि उपचाराचे बिल कंपनीकडे गेले, की कंपनीचा वैद्यकीय सल्लागार जुना इतिहास चाळू लागेल. ‘पूर्वीपासून असलेला आजार’ या तीन शब्दांभोवती परदेशी विम्याचे बहुतेक तंटे फिरतात. पुष्कळशा प्रवासपॉलिसींत असा आजार सरसकट वगळलेला असतो, किंवा जिवावर बेतल्यास प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च मान्य होतो. यावर उपाय एकच: जे माहीत आहे ते सर्व लिहून द्यावे, मग हप्ता वाढला तरी चालेल. लपवून स्वस्तात घेतलेली पॉलिसी ही विकत घेतलेली काळजी होय. एजंटाने ‘एवढे लिहू नका’ असे सुचविले, तर त्याचे ऐकू नये. दावा नाकारला जातो तेव्हा सही एजंटाची नसते.

रामानुजन यांच्या काळानंतर परदेशी जाणाऱ्यांसाठी कायदे झाले, योजना झाल्या. त्यांचे स्वरूप पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट आढळते, ती अशी की, कमी शिकलेल्या माणसाच्या विम्याची सक्ती आहे आणि अधिक शिकलेल्याला त्याच्या शहाणपणावर सोडून दिले आहे.

१९८३ च्या देशांतर कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखाती देश, मलेशिया, थायलंड इत्यादी विवक्षित देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी घ्यावी लागते. अशा कामगारांसाठी डिसेंबर २००३ पासून प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची करण्यात आली. १ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आलेल्या सुधारित स्वरूपानुसार दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आणि वर कर, एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. मालक बदलला किंवा कामाचे ठिकाण बदलले तरी हे संरक्षण चालू राहते. कामगाराच्या आजारपणासाठी १ लाखाची तरतूद आहे, परंतु एका वेळच्या रुग्णालयवासासाठी ५० हजारांची मर्यादा. नोकरीसंबंधी खटल्यासाठी ४५ हजार आहेत.

हप्ता पाहता ही योजना उत्तमच म्हटली पाहिजे. परंतु ५० हजार रुपये कुंभकोणमच्या रुग्णालयात जेवढे चालतात, तेवढे परक्या देशात चालत नाहीत. तेव्हा या योजनेकडे अपघाताच्या वेळी कुटुंबाला मिळणारा आधार म्हणून पाहावे. तेथील आजारपणाचा खर्च तिच्यावर सोडून चालणार नाही. तो भार त्या त्या देशाच्या कायद्याने मालकावर टाकलेला असेल, तर तो प्रत्यक्षात उचलला गेला आहे काय हे कामगाराने पाहावे. दुबईत २०१३ च्या कायद्याने आणि १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या उत्तरेकडील अमिरातींतही मालकाने आरोग्यविमा काढणे सक्तीचे झाले आहे. मलेशियाने १ जानेवारी २०१९ पासून परकी कामगारांना आपल्या सामाजिक सुरक्षा संघटनेच्या कामावरील इजांच्या योजनेत घेतले.

तंजावर भागातील माणसाच्या मनात परदेश म्हटले की प्रथम सिंगापूर येते, आणि नेमके सिंगापूर या विवक्षित देशांच्या यादीत नाही. तेथे जाणाऱ्या कामगारावर भारत सरकारच्या विम्याची सक्ती होत नाही. मात्र तेथील कायदा बराच भक्कम आहे. साधा कामगार आणि मधल्या श्रेणीचा कुशल कर्मचारी यांच्यासाठी मालकाने रुग्णालयवासाचा व दिवसभराच्या शस्त्रक्रियेचा विमा काढलाच पाहिजे. त्याची किमान वार्षिक मर्यादा पूर्वी १५ हजार सिंगापूर डॉलर होती. मोठ्या आजारात ती अपुरी पडते असे दिसून आल्यावर १ जुलै २०२३ पासून ती ६० हजार करण्यात आली. १५ हजारांच्या पुढील खर्चाचा पाव हिस्सा मालकाने आणि बाकीचा विमा कंपनीने द्यावयाचा असतो. कामामुळे मृत्यू झाल्यास नोव्हेंबर २०२५ पासून किमान ९१ हजार आणि कमाल २ लाख ६९ हजार सिंगापूर डॉलर भरपाईची तरतूद आहे. येथेही पुन्हा तोच चमत्कार: सर्वांत वरच्या श्रेणीच्या परवान्यावर आलेल्या अभियंत्यासाठी रुग्णालयाचा विमा काढण्याची सक्ती मालकावर नाही. मोठा पगार घेणारा माणूस आपले आपण पाहून घेईल, असे कायद्याने गृहीत धरले आहे. तो पाहतोच असे नाही.

या सर्व तरतुदी एकत्र मांडल्या म्हणजे त्यांच्यामधील फट दिसू लागते. कामावर झालेला अपघात भरपाईच्या कायद्यात येतो. कामाबाहेरचा अपघात प्रवासी विमा योजनेत येतो. आजारपण मालकाच्या आरोग्यविम्यात येते. परंतु चाळीस वर्षांचा माणूस खोलीवर झोपेत हृदयविकाराने गेला, तर? तो कामावर नव्हता, अपघातही झाला नाही आणि रुग्णालयाचे बिलही नाही. असा मृत्यू या तिन्ही योजनांच्या मधून निसटतो. ज्या कुटुंबाचा सारा निर्वाह त्याच्या पैशावर आहे, त्याच्या हाती यांपैकी कोणाकडूनही मोठी रक्कम पडत नाही. येथे उपयोगी पडतो तो साधा मुदतीचा आयुर्विमा, जो निघण्यापूर्वी भारतातच घ्यावा. मृत्यू जगात कोठेही झाला तरी अशी पॉलिसी सर्वसाधारणपणे लागू होते; मात्र आपण परदेशी, अमुक देशात, अमुक काम करण्यासाठी जात आहोत हे प्रस्तावपत्रात नमूद केलेले असावे. जुन्या लंडनच्या अटीची ही आठवण म्हणावयास हरकत नाही.

कुटुंबाची बाजू रामानुजन यांच्या बाबतीतही शेवटी उघडी पडली. ते मार्च १९१९ मध्ये मुंबईस उतरले आणि २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पत्नी जानकी यांना मद्रास विद्यापीठाने लहानसे निवृत्तिवेतन दिले. त्या काही वर्षे मुंबईस भावाकडे राहिल्या, शिवणकाम शिकल्या आणि मद्रासला परतून ट्रिप्लिकेनमध्ये शिवणकामावर निर्वाह करू लागल्या. १९९४ मध्ये त्या निवर्तल्या. एका आयुष्याची मिळकत अकाली थांबली म्हणजे दुसऱ्या आयुष्याची चौऱ्याहत्तर वर्षे कशी जातात, याचा हा हिशेब आहे. ‘विमा रक्कम किती असावी’ हे ठरविताना माणूस बहुधा हप्त्यापासून सुरुवात करतो. वास्तविक सुरुवात मागे राहणाऱ्यांच्या वयापासून आणि गरजेपासून झाली पाहिजे.

१२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या निवासाच्या इमारतीस आग लागून ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. त्यांत तामिळनाडूचे सात होते. पहाटे, राहत्या जागी ओढवलेला हा मृत्यू. अशा प्रसंगी सक्तीच्या योजनेत नोंद झालेल्या कामगाराचे कुटुंब अपघाती मृत्यूच्या रकमेस पात्र ठरते. तोच माणूस दहावी उत्तीर्ण असला आणि त्याने स्वतः होऊन विमा घेतला नसला, तर त्याच्या कुटुंबाला या योजनेचा आधार राहत नाही. तामिळनाडूत २०११ च्या कायद्याने अनिवासी तामिळांसाठी कल्याण मंडळाची तरतूद झाली आहे आणि त्याच्यामार्फत नोंदणी केलेल्यांना अपघात विमा घेता येतो. ज्यांना सक्ती नाही, अशांनी ही नोंदणी मुद्दाम करून ठेवावी.

सुशिक्षितांचा ओघ पश्चिमेकडे अधिक आहे आणि पुणे-मुंबईची मराठी कुटुंबे या बाबतीत कुंभकोणमच्या तमिळ कुटुंबांपासून वेगळी नाहीत. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहावयास जाणाऱ्याकडून व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार घेतला जातो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यास ७७६ पौंड असून त्याच्या मोबदल्यात तेथील सार्वजनिक आरोग्यसेवा खुली होते. युरोपातील शेंगेन गटाच्या अल्पकालीन व्हिसासाठी ३० हजार युरोंचा विमा दाखवावा लागतो. ही रक्कम व्हिसा मिळण्यास पुरेशी असते. गंभीर शस्त्रक्रियेला आणि अतिदक्षता विभागातील दीर्घ मुक्कामाला ती पुरेलच असे नाही. व्हिसाच्या कचेरीने सांगितलेली किमान रक्कम आणि माणसाची खरी गरज यांची गल्लत होते, आणि बहुतेक लोक स्वस्तात स्वस्त पॉलिसीवर शिक्का मारून घेऊन निश्चिंत होतात.

अमेरिकेत तर सार्वत्रिक सरकारी विमाच नाही. २०२२ च्या सुमारास तेथील रुग्णालयाचा एका रोग्यामागे एका दिवसाचा सरासरी खर्च ३ हजार डॉलरच्या आसपास होता. नोकरीवर असलेल्याचा विमा मालकामार्फत असतो आणि नोकरी गेली की तो जातो. कायद्याने तो सामान्यतः अठरा महिन्यांपर्यंत पुढे चालू ठेवता येतो. परंतु तोवर मालक भरीत असलेला वाटाही स्वतः भरावा लागतो, आणि तो पाहून लोकांचे डोळे पांढरे होतात. तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्याची नोकरी गेली म्हणजे पगार, राहण्याचा हक्क आणि विमा या तिन्ही गोष्टी एकाच पत्राने डळमळतात.

सर्वांत अधिक चूक होते ती वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत. मुलीचे बाळंतपण किंवा नातवंडाचा सांभाळ या निमित्ताने सत्तरीतील जोडपे सहा महिन्यांसाठी अमेरिकेस जाते. दोघांपैकी एकाला मधुमेह, दुसऱ्यास रक्तदाब. अभ्यागताच्या व्हिसासाठी विम्याची सक्ती नसल्याने विमा घेण्यात कुचराई होते, अथवा ५० हजार डॉलर हा आकडा मोठा वाटून पॉलिसी घेतली जाते. या पॉलिसी दोन जातींच्या असतात, हे समजून घेणे आवश्यक आहे. एका जातीत प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो: खाटेचे दिवसाला इतके, शस्त्रक्रियेचे इतके. प्रत्यक्ष बिल त्याच्या कितीही पट असो, कंपनी तेवढेच देते. दुसऱ्या जातीत आरंभीचा ठरावीक भाग विमेदाराने सोसल्यावर उर्वरित खर्चाचा मोठा हिस्सा एकूण मर्यादेपर्यंत मिळतो. पहिलीचा हप्ता कमी असतो, आणि विकल्या जातात त्या याच अधिक. दोहोंवरील मोठा आकडा सारखाच असला, तरी त्यांचा अर्थ सारखा नसतो. मुलगा कायमचा रहिवासी झाला आणि त्याने आईवडिलांना तेथे कायमचे बोलावले, तरीही ज्येष्ठांची सरकारी आरोग्ययोजना त्यांना पहिल्या दिवसापासून मिळत नाही. पाच वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य झाल्यावर हप्ता भरून तीत प्रवेश मिळू शकतो. ती पाच वर्षे कशी काढावयाची, हा विचार बोलावण्यापूर्वी व्हावा.

परदेशी जाणारा आणखी एक गोष्ट विसरतो. भारतात वर्षानुवर्षे भरलेली आरोग्यविम्याची पॉलिसी ‘आता काय उपयोग?’ म्हणून तो बंद पडू देतो. ती परदेशातील उपचारांना सहसा लागू नसते, हे खरे. परंतु जुन्या आजारांसाठी असलेला प्रतीक्षाकाळ तिच्यात पुरा झालेला असतो. आठदहा वर्षांनी, वाढलेल्या वयात आणि लागलेल्या दुखण्यांसह परतल्यावर नवी पॉलिसी घ्यावी लागते आणि तो काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. परतणारे थोडे नसतात. दर बारा वर्षांनी कुंभकोणमला महामहमचा उत्सव भरतो, २०१६ मध्ये तो झाला, आता २०२८ मध्ये होईल. त्या वेळी येणाऱ्या गर्दीत गाव सोडून दूर गेलेली कुटुंबे असतात, आणि त्यांतील काही परत न जाण्याच्या विचाराने येतात.

शेवटी कागदपत्रांविषयी. पॉलिसी इंग्रजीत असते, ती कामगाराच्या पेटीत परदेशात असते आणि दावा करावयाची वेळ येते ती केवळ तमिळ किंवा मराठी वाचणाऱ्या घरच्या माणसांवर. यास्तव पॉलिसीची, पासपोर्टाची आणि नोकरीच्या कराराची एक एक प्रत घरी ठेवावी. वारस म्हणून ज्याचे नाव दिले, त्याला ते सांगून ठेवावे. लग्नापूर्वी आईचे नाव दिले असेल आणि नंतर ते बदलले नसेल, तर त्या पैशावरून घरात जे घडते ते कोर्टात पाहावयास मिळते. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व यांसंबंधी भारतीय दूतावासाने दिलेला दाखला विमा कंपनी मान्य करते. तेव्हा अशा प्रसंगी कुटुंबाने प्रथम दूतावासाशी संपर्क साधावा. विमा नसेल किंवा तो संपला असेल, तर गरजूंच्या तातडीच्या उपचारासाठी आणि पार्थिव मायदेशी आणण्यासाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो परिस्थिती पाहून दिला जातो आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो. दोन वर्षांच्या करारावर गेलेला माणूस तिसऱ्या वर्षी तेथेच राहिला, तर सक्तीच्या योजनेची मुदत संपलेली असते. तिचे नूतनीकरण परदेशात असतानाही करता येते, आणि त्याची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवता येते.